चौकटीवरची पाटी आणि आडवी दारे

पाटी म्हटली की तिच्या शेजारी एखादे दार असायचेच. माझ्या शेजारी दार नाही. नुसती सागवानी चौकट आहे, आणि तिच्यातून माणसे, वारा, कोंबड्या, कधी तर एखादे वासरूसुद्धा खुशाल आत-बाहेर करते. मित्रांनो, मी एक जुनी पितळी पाटी आहे. शिंगणापूरच्या या धर्मशाळेत मुक्कामाला आलेली माणसे माझ्यावरून हात फिरवतात आणि एकमेकांना विचारतात, "हे भिंगारदिवे कोण? आणि नावापुढे ही चार अक्षरं कसली?" कुणी म्हणते देणगीदार असतील, कुणी म्हणते डॉक्टर असतील. एकाने तर मला नमस्कार करून वर तेलाचे बोट लावले. मला तोंड नाही म्हणून निमूट ऐकून घेते. पण आज तुम्ही निवांत बाकावर बसलाच आहात, तर पहिल्यापासून सगळे सांगते. तो बाक तेवढा नीट पाहून ठेवा, या गोष्टीत त्याचेही काम आहे.

माझा जन्म नगरचा. तांबटाने पत्रा ठोकून सरळ केला, कडा घासल्या, आणि मग कोरणाऱ्याने छिन्नी हातात घेतली. 'यशया एलिया भिंगारदिवे, आर्किटेक्ट' एवढे झाले आणि समोर उभे असलेले साहेब म्हणाले, "आता जरा हळू. पुढची चार अक्षरं जपून घ्या." कोरणाऱ्याने मान वर करून पाहिले. नाव सपासप कोरले तरी चालते, आणि चार अक्षरांचे एवढे कौतुक कशाला, असे त्याला वाटले असेल. मलाही तसेच वाटले होते. अंगावर छिन्नी चालत असताना कौतुकबिवतुक काही सुचत नाही.

पुढे हळूहळू उलगडा झाला. आर्किटेक्ट म्हणजे घर कसे बांधावे ते ठरवणारा माणूस. त्या काळी, म्हणजे इंग्रज अजून जायचे होते तेव्हा, या कामाला सरकारी कायदा नव्हता. कुणीही उठावे, पाटी रंगवावी आणि नकाशे काढत बसावे. पण मुंबईत या लोकांनी आपली आपण एक संस्था काढली होती. तिची परीक्षा द्यायची, केलेले काम दाखवायचे, मग सभासद व्हायचे, आणि सभासद झाले की तिचे नेम पाळायचे. मेहनताना घ्यायचा तो घर बांधून घेणाऱ्याकडूनच. ठेकेदार, लाकूडवाला, चुनेवाला यांच्याकडून सुपारीचे खांडसुद्धा घ्यायचे नाही. आपली जाहिरात आपण करायची नाही. काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दाखला द्यायचा नाही. आणि पाटी लावायची तीही लहानशी, सभ्य. माझ्यावरची चार अक्षरे म्हणजे त्या संस्थेची खूण होती. नेम मोडला तर संस्था नाव काढून टाकणार, आणि मग ती अक्षरे लावायची सोय नाही.

त्या लहानशा पाटीच्या नेमाचा मला फार राग होता, खोटे कशाला बोलू? माळीवाड्याच्या वेशीजवळ साहेबांचे कार्यालय होते, आणि रस्त्याच्या पलीकडे गोरक्ष ठेकेदाराचे. त्याची पत्र्याची पाटी चांगली दोन खिडक्या झाकेल एवढी होती. तिच्यावर तीन मजली बंगला, बंगल्यापुढे मोटार, मोटारीपुढे कारंजे, आणि खाली लिहिलेले, 'नकाशे, बंगले, विहिरी, सर्व कामे खात्रीने'. येणारा-जाणारा आधी तिकडे पाहायचा. माझ्याकडे पाहायला त्याला पायरी चढून यावे लागायचे.

गोरक्ष माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हते. "सायेब, येवढ्याशा पाटीवर काय दिसतंय? माश्यांना बसाया बी जागा पुरंना," असे तो रस्त्यातूनच म्हणायचा. साहेब हसून सोडून द्यायचे. त्यांच्या पत्नी लिडियाबाई मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. दर शनिवारी त्या चिंच आणि राख घेऊन यायच्या आणि मला घासून लख्ख करायच्या. घासताना म्हणायच्या, "लहान तर लहान. पण हिच्यात तोंड बघता येतं. त्या पत्र्यात येतं का?" असे म्हटले की मी दिवसभर फुशारून असायची.

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते तेव्हाची गोष्ट. मुंबईचे एक कापडाचे व्यापारी, आसाराम शेठ, शिंगणापूरला येऊन नवस बोलले आणि तो फळाला आला. पहाटे मोटारीने यायचे, शनिदेवाच्या चौथऱ्यापुढे तेल वाहायचे आणि आल्या पावली परत जायचे, एवढाच त्यांचा आणि या गावाचा संबंध. गावात त्यांनी पाऊलही टाकले नव्हते. नवसाची फेड म्हणून त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधायचे ठरवले. शेठला संस्थेकडून साहेबांचे नाव मिळाले आणि ते काम आमच्याकडे आले.

नकाशा साहेबांनी नगरला बसून काढला. मी दारावर होते, दार उघडे होते, आणि फळ्यावर वाकलेले साहेब मला दिसत होते. मोठी ओसरी, मागे खोल्या, मधे चौक. भिंतीत जिथे दार असेल तिथे हे लोक कंपासने एक पाव वर्तुळ काढतात, म्हणजे दार कुठल्या बाजूला उघडते ते कळते. साहेबांचा हात वर्षानुवर्षे ती वर्तुळे काढत आलेला. त्यांनी प्रत्येक खोलीला एकेक पाव वर्तुळ काढून टाकले, शाई वाळवली, एक प्रत मुंबईला शेठकडे पाठवली आणि नगरच्या सुताराला सागवानी दारे सांगितली. नेवासे तालुक्यातल्या या गावात घरांना दारे नसतात हे साहेबांना काय ठाऊक नव्हते? नगर भागात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण डोक्याला ठाऊक असलेले हाताच्या ध्यानात राहीलच असे नाही.

बांधकामाच्या जागी आर्किटेक्टची एक पाटी लावायला नेमाची हरकत नव्हती. साहेब काटकसरी, दुसरी पाटी कोण करतो? त्यांनी मलाच दारावरून काढले. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून घोडेगावापर्यंत, तिथून बैलगाडीने, असा माझा पहिला प्रवास झाला. मोटारीच्या धुराने मी काळी पडले आणि गाडीवाटेच्या फुफाट्याने पिवळी. गावात मला एका कडुनिंबाला टांगले. तिथून मी काळे दगड घडताना पाहिले, चुन्याची घाणी ओढणारी बैलजोडी पाहिली, भिंती चढताना पाहिल्या. चौकटी बसल्या आणि एके दिवशी दारांनी भरलेल्या दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या.

शेजारच्या घरी बनुबाई राहायच्या. वयाने मोठ्या, गावात त्यांचा शब्द चालायचा. कामावरच्या माणसांना पाणी त्यांच्याच घरून यायचे. त्या गाडीजवळ आल्या, एका दारावर हाताने थापटून पाहिले आणि म्हणाल्या, "लाकूड लई चांगलं हाय. पर ह्ये कुनाला?"

"धर्मशाळेला," साहेब म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला.

"आमच्यात कवाड लावीत न्हाईत, सायेब. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"ठाऊक आहे हो बनुबाई. नकाशा काढताना हात विसरला."

बनुबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "कवाड लावलं म्हंजी देवावर इस्वास न्हाई असं व्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "घर आमचं असू द्या न्हाईतर मुंबईच्या शेटचं. उभं न्हाई करता यायचं."

साहेब ख्रिस्ती. शनिदेव त्यांचा देव नव्हे. पण ज्या गावाला झोपायला दार लागत नाही, त्या गावाच्या तोंडावर आपण कडी घालायची हे त्यांनाच पटले नाही. ते गाडीच्या दांडीवर बसून राहिले. समोर ओसरीत लांबून आलेली काही माणसे फरशीवर अंग टाकून पडली होती. थंडीचे दिवस, फरशी गार, एक बाई लेकराला पोटावर घेऊन निजली होती. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले, दारांकडे पाहिले, आणि उठून गवंड्याला म्हणाले, "उभं करता येत नाही ना? मग आडवं करू."

दगडी पाय बांधले, त्यांच्यावर एकेक दार आडवे टाकले, आणि ओसरीभर ऐसपैस सागवानी बाक झाले. माणसाने बसावे, झोपावे, लेकराला शेजारी निजवावे. बनुबाईंनी पहिल्या बाकावर पदर टाकून बसून पाहिले आणि म्हणाल्या, "आता कसं." मी कडुनिंबावरून पाहत होते. सांगते तुम्हाला, त्या दिवशी मला माझ्या लहान आकाराचा राग आला नाही.

काम पुरे झाल्यावर साहेबांनी दाखला लिहिला, 'काम नकाशाप्रमाणे पूर्ण झाले आहे'. असे दाखले ते नेहमी लिहायचे, शब्दसुद्धा ठरलेले. त्याबरोबर मोठ्या हौसेने त्यांनी नगरच्या फोटोवाल्याला गावात नेऊन धर्मशाळेचा फोटो काढवला आणि शेठना पाठवला. मला परत नगरच्या दारावर टांगले. आता शेठचे आभाराचे पत्र येईल म्हणून सगळे वाट पाहत होते.

पत्र आले, पण त्यात आभार नव्हते. फोटोत समोरून दिसत होत्या त्या नुसत्या काळ्या रिकाम्या चौकटी. शेठजवळ नकाशा होता, नकाशात दारे होती, हिशेबात सागवान होते. मग दारे गेली कुठे? साहेबांनी उलट टपाली लिहिले, की त्या गावात कुणीच दार लावत नाही, आणि लाकूड त्याच इमारतीत वापरले आहे. शेठना वाटले, हा आपल्याला खुळ्यात काढतो आहे. दार नसलेले गाव मुंबईच्या माणसाने कधी ऐकले नव्हते. त्यांनी सरळ संस्थेकडे तक्रार केली, की तुमच्या सभासदाने माझी दारे खाल्ली आणि खोटा दाखला दिला.

संस्थेचे पत्र लिडियाबाईंनीच दारात घेतले. चौकशी होईल, दोष ठरला तर नाव काढले जाईल, असे त्यात होते. साहेबांनी ते उभ्याने वाचले. मग त्यांनी आत जाऊन काळ्या कापडाची एक पट्टी आणली आणि माझ्यावरच्या त्या चार अक्षरांवर घट्ट बांधली.

"अहो, अजून निकाल कुठं लागलाय?" लिडियाबाई म्हणाल्या.

"म्हणूनच. निकाल लागेपर्यंत ती माझी नाहीत. तू घासशील तेव्हा पट्टीच्या आत हात घालू नकोस."

मित्रांनो, मी धातूची आहे, मला गुदमरायला होत नाही असे तुम्हाला वाटेल. पण त्या पट्टीखाली मला फार जड वाटायचे. येणारे-जाणारे आता मुद्दाम पायरी चढून मला पाहायला यायचे. रविवारी उपासनेहून परतणारी ओळखीची माणसे थांबायची, पट्टीकडे पाहून न पाहिल्यासारखे करायची. मिशनच्या दवाखान्याला बाळंतिणींसाठी नवी इमारत बांधायची होती आणि ते काम साहेबांना मिळणार हे जवळजवळ ठरलेले होते. दवाखान्याच्या मंडळींनी निरोप धाडला, की चौकशी पुरी होऊ द्या, मग पाहू. त्या इमारतीचा नकाशा साहेबांनी मन लावून काढला होता. त्यांनी तो गुंडाळून माळ्यावर ठेवला.

गोरक्ष ठेकेदार एकदा पलीकडून चालत आला. थट्टा करायला आला असेल असे मला वाटले. पण तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "सायेब, कशाला जिवाला लावून घेता? चार अक्षरं गेली तर गेली. कायदा थोडाच हाय? माझ्या पाटीवर येक बी न्हाई, तरी मी विहिरी खांदतोच की."

"खरं आहे तुझं," साहेब म्हणाले. "कायदा नाही म्हणूनच ती ठेवायची की नाही हे माझ्या हातात होतं. मी होऊन घेतलीत ती, गोरक्ष. कुणी बळजबरी केली नव्हती."

गोरक्ष उठला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले, आणि माश्यांचा विनोद केला नाही. तो केला असता तर मला बरे वाटले असते.

कागदोपत्री काही उलगडत नव्हते, म्हणून संस्थेने आपला एक जुना जाणता सभासद प्रत्यक्ष पाहायला पाठवायचे ठरवले. त्यांचे नाव कोठारेसाहेब. आसाराम शेठही येणार होते. ठरल्या दिवशी साहेबांनी मला दारावरून काढले, पिशवीत घातले आणि माझ्या शेजारी एक कानस ठेवली.

लिडियाबाईंनी पिशवीत पाहिले. "ही कशाला?"

"नाव जायचंच असेल तर ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्यासमोर जाऊ दे. अक्षरं तिथंच घासून टाकीन."

लिडियाबाईंनी पिशवीचे तोंड बांधले. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि शाळेतून रजा काढून बरोबर निघाल्या. मोटारीत आणि बैलगाडीत प्रत्येक धक्क्याला ती कानस माझ्या अंगाला लागत होती. लोखंडाचा तो खरबरीत स्पर्श आठवला की आजही माझ्या कडा शहारतात. एवढी भीती मला छिन्नीची वाटली नव्हती.

गावात पोचलो तेव्हा ऊन वर आले होते. कोठारेसाहेब उंच, वाकलेले, बोलायला मोजके. आसाराम शेठ घामाघूम, चेहरा लाल. साहेबांनी मला पिशवीतून काढून याच चौकटीच्या खिळ्याला अडकवले, पट्टीसकट. कोठारेसाहेबांनी पट्टी पाहिली आणि भुवया उंचावल्या. ते आधी गावातून हिंडून आले. घरामागून घर, चौकटी आहेत आणि दारे नाहीत, कुठे नुसता पडदा, कुठे तोही नाही. शेठ मागे मागे चालत होते आणि प्रत्येक घराशी त्यांचा लाल रंग थोडा थोडा उतरत होता.

ओसरीत परत आल्यावर कोठारेसाहेब दमून बाकावर टेकले. बनुबाईंनी चहा आणून दिला.

"गावात दारं नाहीत, हे मी पाहिलं," कोठारेसाहेब म्हणाले. "पण शेठचं म्हणणंही रास्त आहे. दारं केली, गाडीत भरली, इथं आली. मग ती आहेत कुठं?"

साहेब उत्तर द्यायला पुढे झाले. पण बनुबाईंना तेवढा धीर नव्हता. "तुमी बसलाय की त्येच्यावर," त्या म्हणाल्या.

कोठारेसाहेब कपबशी घेऊन उठले. ती त्यांनी शेठच्या हातात दिली आणि बाकाच्या कडेवरून बोट फिरवत गेले. कडेला एका ठिकाणी बोट आत गेले. बिजागरीसाठी सुताराने पाडलेली खाच होती ती. थोड्या अंतरावर दुसरी. पलीकडच्या कडेला कडीसाठी पाडलेले भोक. त्यांनी खिशातून फीत काढली, बाक मोजला, चौकट मोजली. मग दुसरा बाक, तिसरा, असे करत ओसरीच्या टोकापर्यंत गेले. एका बाकावर एक म्हातारे यात्रेकरू घोरत पडले होते. तो बाक त्यांना न उठवता, फीत अलगद खालून घालून मोजला.

शेठ हातात कपबशी धरून उभे होते. "म्हणजे माझी दारं…" ते म्हणाले आणि थांबले. समोरचे म्हातारबाबा कुशीवर वळले. शेठनी आवाज खाली आणला. "भिंगारदिवे, हे मला आधी का नाही कळवलंत? मी एवढी तक्रार केली नसती."

"सुचलंच नाही, शेठजी," साहेब म्हणाले. "आमच्याकडं हे सगळ्यांना ठाऊक असतं. सगळ्यांना ठाऊक असलेलं कुणी कुणाला सांगत नाही. तुम्ही मुंबईचे, तुम्हाला कसं ठाऊक असणार, एवढं माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

लिडियाबाईंनी इतका वेळ आवळून धरलेला पदर सोडला. मीही सुटले, असे मला वाटले. पण कोठारेसाहेबांचे अजून बोलून झाले नव्हते.

"दारं कुणी खाल्ली नाहीत, हे मी संस्थेला कळवीन," ते म्हणाले. "पण भिंगारदिवे, दाखल्यावर तुम्ही 'नकाशाप्रमाणे' असं लिहिलंत. नकाशात दार उभं आहे, इथं आडवं आहे. तुम्ही केलं ते नकाशापेक्षा चांगलं आहे, पण लिहिलं ते खरं नाही. तुमच्या दाखल्यावर ज्याचा विश्वास आहे तो इथं येऊन बाकाखाली वाकून बघणार नाही. त्यासाठीच तर आपण ही अक्षरं लावतो."

"चूक माझी आहे," साहेब म्हणाले. एवढेच. कानस पिशवीतच होती. तिच्याकडे त्यांचा हात गेला नाही, पण निकाल संस्थेच्या समितीने द्यायचा होता, त्यामुळे पट्टीही सुटली नाही. निघताना शेठनी म्हाताऱ्या यात्रेकरूच्या बाकावर हळूच हात ठेवला आणि बनुबाईंना विचारले, "थंडीत यांना पांघरायला काही आहे का?" पुढच्याच महिन्यात मुंबईहून घोंगड्यांचा गठ्ठा आला, ही पुढची गोष्ट.

मग नुसते वाट पाहणे. दिवस लहान होत गेले. पोस्टमन रस्त्याच्या त्या टोकाला दिसला की मी ताठ व्हायची, आणि तो गोरक्षाकडे वळला की पुन्हा सैल. नाताळ जवळ आला. लिडियाबाईंनी करंज्यांचे सारण केले, पण घरात कुणाला हौस नव्हती. त्या दिवशी पोस्टमन आला तेव्हा त्यांचे हात पिठाने भरलेले होते. साहेबांनी पाकीट फोडले, वाचले आणि पायरीवर खालीच बसले.

"काय लिहिलंय? अहो, बोला की."

"ताकीद दिली आहे. बदल केला तर मालकाला आधी लेखी कळवायचं, आणि पाहिलं तेच लिहायचं." साहेबांनी डोळे पुसले. "नाव राहिलं, लिडिया."

लिडियाबाईंनी पिठाच्या हातांनीच माझी पट्टी सोडली. कितीतरी दिवसांनी चार अक्षरांना वारा लागला. काय सांगू तुम्हाला, अंगावरून धोंडा उतरावा तसे झाले. गोरक्ष ठेकेदाराने पलीकडून हे पाहिले, येऊन एक करंजी तोंडात टाकली आणि म्हणाला, "आता माश्यांना बसाया जागा झाली." त्या दिवशी तो विनोद मला फार गोड लागला. संध्याकाळी दवाखान्याचा नकाशा माळ्यावरून खाली आला. कानस लिडियाबाईंनी विळीला धार लावायला घेतली आणि पुन्हा परत म्हणून दिली नाही.

फक्त एक गोष्ट राहिली. बाकीची पाटी दर शनिवारी घासली जात होती आणि पट्टीखालचे पितळ तसेच राहिले होते, त्यामुळे तिथे काळपट सावली धरली होती. लिडियाबाईंनी चिंच लावली, राख लावली, बरीचशी गेली, थोडी उरली. त्या आणखी जोर लावणार तेवढ्यात साहेबांनी त्यांचा हात धरला. "राहू दे. दाखला लिहायला बसण्याआधी एकदा बाहेर येऊन बघत जाईन." आणि खरेच, त्यानंतर ते प्रत्येक दाखल्याआधी दारात येऊन उभे राहायचे. कधी कधी आत जाऊन एखादी ओळ खोडायचे.

बाळंतिणींची इमारत झाली, शाळा झाल्या, किती तरी घरे झाली. मग साहेब थकले. ज्या दिवशी त्यांनी शेवटचे काम संपवले त्या दिवशी त्यांनी मला आपल्या हाताने दारावरून काढले. काम करीत नाही तर पाटी कशाला मिरवायची, असे म्हणाले. मी काही वर्षे कपाटामागे पडून होते, कोळिष्टकात. तिथे कुणी माझ्यात तोंड पाहिले नाही. साहेब गेल्यानंतर लिडियाबाईंनी मला शोधून काढले आणि या गावात आणून दिले. बनुबाई तेव्हा नव्हत्या, त्यांच्या सुनेने मला या चौकटीवर ठोकले. उघड्यावर पितळ ठेवायचे म्हणून लिडियाबाई जरा घुटमळल्या. सून म्हणाली, "कोन न्हेतंय? आन् कशाला न्हेईल?" लिडियाबाई हसल्या आणि गेल्या. मी अजून इथेच आहे.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्याही नावापुढे काही अक्षरे लागतील. ती मिळवताना लागतात त्याहून जास्त कष्ट राखताना लागतात, एवढे या म्हाताऱ्या पाटीचे ध्यानात ठेवा. आणि ज्यांच्यासाठी काम कराल त्यांना सगळे सांगत चला, तुम्हाला कितीही उघड वाटत असले तरी.

आणि एक विनंती आहे. यात्रेकरूंच्या तेलाच्या बोटांनी मी फार मळले आहे. वरच्या कोपऱ्यात कुंभारमाशीने घर केले आहे. जाताना चिंचेचे बोटुक लावून मला एकदा घासा. नाव घासा, कडा घासा, तुमचे तोंड दिसेपर्यंत घासा. त्या चार अक्षरांवर मात्र जोर देऊ नका. तिथली सावली साहेबांची आहे, ती तशीच राहू द्या.